प्रश्नोत्तरांचे दफ्तर



या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. मी पत्रकार नव्हे, आणि प्राध्यापक तर नव्हेच नव्हे. माझी शाळा दहावीला सुटली ती कायमची. गेली जवळजवळ तीस वर्षे मी कामगारांच्या युनियनचे काम करतो आहे, आणि जे काही थोडेफार इंग्रजी येते ते कामगार न्यायालयांचे निवाडे वाचून वाचून आलेले आहे. व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा होती, की मी कामगार कायद्यांवर बोलावे. चित्रवाणीवर वर्षानुवर्षे चालत आलेल्या राजकीय मुलाखतींच्या इतिहासावर बोलायचे आहे असे मी कळवले, तेव्हा त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगितले पाहिजे. युनियनच्या कामात मी अगदी नवखा होतो तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यात आमच्या वाटाघाटी चालू होत्या. दोनशे चाळीस दिवस भरलेल्या बदली कामगारांना दिवाळीनंतर कायम करू, असे तेथील मॅनेजरसाहेब तोंडाने म्हणाले. आम्ही पाचजण खोलीत होतो. पाचांनीही ते ऐकले. दिवाळी झाली, संक्रांत झाली. साहेबांनी कानांवर हात ठेवले. 'मी विचार करू म्हणालो होतो, कायम करू म्हणालो नव्हतो.' आणि गंमत अशी, की आम्ही पाचजण एकत्र बसलो तेव्हा प्रत्येकाला ते वाक्य निराळे आठवत होते. सतरा माणसे घरी बसली. आमच्या युनियनचे एक जुने कार्यकर्ते होते, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू. ते मला एवढेच म्हणाले, 'अरे, भांडायला गेलास आणि वही नाही नेलीस?'

तेव्हापासून वही सुटली नाही. कोण बोलले, काय बोलले, कोणत्या तारखेला बोलले, प्रश्न कोणता होता आणि त्याचे उत्तर काय आले, हे मी लिहीत आलो. आणि पुढे फार वर्षांनी, माझ्या मुलीने संगणकावर जुन्या अमेरिकन मुलाखती लावून दिल्या तेव्हा मला वाटले, की ही तर आपलीच वही! फक्त ती एका अख्ख्या देशाची आहे.

त्या कार्यक्रमाचे नाव 'मीट द प्रेस'. १९४५ साली तो नभोवाणीवर सुरू झाला, आणि ६ नोव्हेंबर १९४७ रोजी एन.बी.सी.च्या चित्रवाणीवर आला. तो आजही दर रविवारी चालू आहे. अमेरिकेच्या चित्रवाणीवर इतका दीर्घायुषी कार्यक्रम दुसरा नाही. तो उभा करणारी दोन माणसे म्हणजे मार्था राउंट्री ही तरुण बाई आणि 'अमेरिकन मर्क्युरी' या मासिकाचे चालक लॉरेन्स स्पिव्हाक. पहिली सहा वर्षे राउंट्रीबाईच सूत्रे सांभाळीत होत्या. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर कायमची म्हणून दुसरी स्त्री बसायला २०२३ साल उजाडावे लागले, ही गोष्ट येथे जमलेल्या भगिनींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मांडणी साधी होती. एका बाजूला एक पाहुणा, समोर चार पत्रकार आणि अर्ध्या तासाचा वेळ. आधी तालीम नाही. पाहुणा सिनेटर असो, कारखानदार असो की मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर असोत, खुर्ची तीच. मला या समानतेचे फार अप्रूप वाटते. आमच्या वाटाघाटींच्या खोलीत साहेबांची खुर्ची नेहमी फिरती असते आणि आमची घडीची!

या खुर्चीने काय केले ते पाहा. मिसिसिपीचा सिनेटर थिओडोर बिल्बो हा उघडउघड वर्णद्वेष्टा माणूस. कृष्णवर्णीयांनी मतदान करू नये म्हणून तो सभांतून चिथावणी देत असे. ऑगस्ट १९४६ मध्ये, कार्यक्रम अजून नभोवाणीवर होता तेव्हा, त्याला विचारले गेले, की तुम्ही कू क्लक्स क्लॅनचे सभासद होता काय? त्याने होय म्हटले, आणि एकदा त्यात गेलेला माणूस कायमचाच त्यातला असतो असेही वर सांगून टाकले. गावातल्या सभेत तो हे बोलला असता तर टाळ्या पडल्या असत्या आणि विषय संपला असता. येथे ते देशाने ऐकले. पुढच्या जानेवारीत सिनेट भरली तेव्हा निवडून आलेल्या बिल्बोला आसन देण्याचे सिनेटने रोखून धरले. एका उत्तराने हे घडले असे मी म्हणणार नाही. मतदारांना धमकावल्याच्या आणि लाच घेतल्याच्या तक्रारींची चौकशी झाली होती. पण ते उत्तर त्या सर्व प्रकरणात खिळ्यासारखे ठोकलेले राहिले.

दुसरे उदाहरण माझ्या मनाला सोपे जात नाही. १९४८च्या ऑगस्टमध्ये व्हिटेकर चेंबर्स या माणसाने प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली, की परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी अॅल्जर हिस हे कम्युनिस्ट होते. समितीपुढील साक्षीला कायद्याचे संरक्षण असते, तिच्याबद्दल अब्रुनुकसानीचा दावा लावता येत नाही. हिस यांनी आव्हान दिले, की हेच बाहेर बोलून दाखव. २७ ऑगस्टला 'मीट द प्रेस'च्या नभोवाणीवरील कार्यक्रमात पत्रकाराने तोच प्रश्न थेट टाकला, आणि चेंबर्सने तेच उत्तर संरक्षणाबाहेर येऊन दिले. हिस यांनी दावा लावला. त्या दाव्यातून कागदपत्रे बाहेर आली, आणि जानेवारी १९५० मध्ये खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरून शिक्षा झाली ती हिस यांनाच. त्या काळातील कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेने अमेरिकेतील कितीतरी निरपराध कामगार कार्यकर्त्यांचे संसार उधळले. १९४७च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने तर युनियनच्या पदाधिकाऱ्यांना आपण कम्युनिस्ट नसल्याचे प्रतिज्ञापत्र देणे भाग पाडले. त्यामुळे हे प्रकरण मी आनंदाने सांगत नाही. पण खोलीतले बोलणे आणि चव्हाट्यावरचे बोलणे यांत काय अंतर असते, ते याहून स्वच्छ दुसरीकडे कोठे दिसत नाही.

आता ज्या एका भागासाठी मी हा सगळा खटाटोप केला, त्याकडे येतो. १७ एप्रिल १९६०, ईस्टरचा रविवार. पाहुणे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग, वय एकतीस. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीच्या बाकावर जाऊन बसले होते, आणि ती लाट दक्षिणेत सर्वत्र पसरली होती. स्पिव्हाक यांनी पहिलाच प्रश्न जड टाकला. माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन म्हणतात, की माझ्या दुकानात कोणी असा येऊन बसला तर मी त्याला हाकलून देईन. यावर तुमचे काय म्हणणे? ट्रुमन तर कृष्णवर्णीयांचे मित्र समजले जात. पुढचे प्रश्नही त्याच धाटणीचे होते. कायदा मोडता, मग कायद्याचा आदर कसा राहील? तुमच्या स्वतःच्या चर्चमध्ये गोरे किती येतात? त्यावर किंगनी सांगितले, की रविवारी सकाळचे अकरा वाजता, म्हणजे ऐन प्रार्थनेच्या वेळी, हा ख्रिस्ती देश सर्वात अधिक विभागलेला असतो.

ते चलच्चित्र मी तीन वेळा पाहिले. पहिल्यांदा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग आला. दुसऱ्यांदा ध्यानात आले, की ते प्रश्न कोट्यवधी गोऱ्या घरांत जेवणाच्या टेबलावर विचारले जात होते. पत्रकारांनी ते तेथून उचलून, ज्याला उत्तर देता येईल त्याच्यापुढे ठेवले एवढेच. आणि तिसऱ्यांदा मी फक्त किंगचा चेहरा पाहिला. आवाज चढत नाही, घाई नाही. मला माझ्या पहिल्या द्वारसभेत कोणी तिरका प्रश्न विचारला तेव्हा मी माइक सोडून अंगावर गेलो होतो, त्याची आठवण होऊन लाज वाटली.

किंग या कार्यक्रमात पुन्हा पुन्हा आले. २१ ऑगस्ट १९६६ रोजी तर नेहमीच्या अर्ध्या तासाऐवजी दीड तासाचा खास कार्यक्रम झाला. किंग, रॉय विल्किन्स, व्हिटनी यंग, फ्लॉइड मॅकिसिक, स्टोकली कारमायकेल आणि जेम्स मेरेडिथ हे सहाजण त्यात होते. 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा नुकतीच निघाली होती आणि या सहांचे तिच्याबद्दल एकमत नव्हते. चळवळीचा इतिहास पुढे लिहिला जातो तेव्हा मतभेद पुसून टाकण्याची आपल्याला खोड असते. सगळे पुढारी एका फोटोत हसताना दाखवले की झाले. येथे मात्र मतभेद ज्याच्या त्याच्या तोंडून, ज्याच्या त्याच्या शब्दांत शिल्लक आहे. १९६० आणि १९६६ या दोन मुलाखती एकापुढे एक ठेवल्या, की सहा वर्षांत एका चळवळीचे प्रश्न कसे बदलले ते कळते. एखादी सुटी मुलाखत हे सांगू शकत नाही. त्यासाठी तोच कार्यक्रम, तीच खुर्ची आणि तोच वार टिकून राहावा लागतो.

दीर्घकाळ चालण्याचे महत्त्व या तुलनेत आहे. एप्रिल १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो याच कार्यक्रमात आले आणि आपण कम्युनिस्ट नाही असे त्यांनी सांगितले. डिसेंबर १९६१ मध्ये त्यांनीच आपण मार्क्स-लेनिनवादी असल्याचे जाहीर केले. मधल्या काळात माणूस बदलला की आधीचे बोलणे राजकारण होते, यावर आजही वाद घालता येतो. पण पहिले बोलणे उपलब्ध आहे म्हणूनच तो घालता येतो. १९५४ साली सुरू झालेल्या 'फेस द नेशन' या प्रतिस्पर्धी कार्यक्रमासाठी जून १९५७ मध्ये क्रेमलिनमध्ये जाऊन निकिता क्रुश्चेव यांची मुलाखत घेतली गेली. अमेरिकनांनो, तुमची नातवंडे समाजवादात राहतील, असे ते ठणकावून म्हणाले. १९९९ साली त्यांच्याच मुलाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. भविष्य सांगणाऱ्याने चित्रवाणीपासून जरा दूरच राहावे.

स्पिव्हाकांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. कार्यक्रमाचे शब्दन्‌शब्द छापून पुस्तिका निघत. दहा सेंट आणि स्वतःच्या पत्त्याचे, तिकीट लावलेले पाकीट पाठवले की प्रत घरी येई. पुढे त्यांचे सगळे कागद आणि फिल्मा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेल्या. ही दूरदृष्टी सर्वत्र नव्हती. बी.बी.सी.सारख्या संस्थेनेही १९६० व ७०च्या दशकांत महागड्या टेपा पुन्हा वापरता याव्यात म्हणून जुने कार्यक्रम पुसून टाकले. एका टेपेची किंमत वाचली, आणि काय गेले ते आता मोजताही येत नाही.

साठवलेले दफ्तर हत्यार म्हणून वापरणारा माणूस या कार्यक्रमाला मिळाला तो टिम रसर्ट. बफेलो शहरातील एका सफाई कामगाराचा मुलगा, शिकून वकील झालेला. १९९१ पासून २००८च्या जूनमध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्या खुर्चीवर होता. पाहुण्याचे जुने वाक्य तारखेसह पडद्यावर लावायचे आणि शांतपणे विचारायचे, की तुम्ही तेव्हा असे म्हणाला होतात, आता असे म्हणता, मधे काय झाले? हाच त्याचा खाक्या. आमच्या दादांना हा माणूस फार आवडला असता.

पण येथेच मला एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. ८ सप्टेंबर २००२ रोजी उपाध्यक्ष डिक चेनी रसर्टपुढे बसले, आणि इराकच्या अणुकार्यक्रमाचा पुरावा म्हणून त्याच सकाळी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या बातमीचा त्यांनी हवाला दिला. ती बातमी सरकारी अधिकाऱ्यांकडूनच आलेली होती. म्हणजे सरकारने वर्तमानपत्राला सांगायचे, आणि वर्तमानपत्र असे म्हणते म्हणून सरकारने चित्रवाणीवर सांगायचे! पुढे २००७ साली चेनींचे साहाय्यक लिबी यांच्यावरील खटल्यात उपाध्यक्षांच्या प्रसिद्धी अधिकारीबाईंचे एक टिपण बाहेर आले. 'मीट द प्रेस'मध्ये जाण्याचा फायदा म्हणून त्यात लिहिले होते, की संदेशावर आपला ताबा राहतो. म्हणजे ज्या खुर्चीची मी मघापासून स्तुती करतो आहे, ती सत्ताधाऱ्यांना गादीसारखी मऊ वाटत होती. प्रतिष्ठा वाढली की असे होते. जो नेहमी येतो तो घरचा होतो, आणि घरच्याला कडू प्रश्न विचारताना जीभ अडखळते. कामगार पुढाऱ्यांचेही साहेबांच्या खोलीत चहा पिऊन पिऊन हेच होते, हे मी माझ्या बिरादरीला उद्देशून बोलतो आहे.

तरीही पुढची गोष्ट ऐका. १६ मार्च २००३, युद्ध तोंडावर आले होते. रसर्टने विचारले, की आपले स्वागत मुक्तिदाते म्हणून न होता जेते म्हणून झाले, लढाई लांबली आणि रक्तपात झाला, तर त्याला देशाची तयारी आहे काय? चेनी म्हणाले, तसे घडेल असे मला वाटत नाही, आपले स्वागत मुक्तिदाते म्हणूनच होईल. चार दिवसांत युद्ध सुरू झाले. ज्या शस्त्रांसाठी ते केले ती कधीच सापडली नाहीत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चेनी पुन्हा त्या खुर्चीवर आले, तेव्हा रसर्टने मार्चमधले त्यांचेच वाक्य त्यांच्यापुढे लावले. संदेशावर त्यांचा ताबा त्या दिवसापुरता होता. टेपेवर तो राहिला नाही.

ब्रिटनमधील दोन गोष्टी सांगतो. मे १९९७ मध्ये 'न्यूजनाइट'च्या जेरेमी पॅक्समन यांनी माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न बारा वेळा विचारला आणि सरळ उत्तर एकदाही मिळाले नाही. लोक याला धाडस म्हणतात. पॅक्समन स्वतः पुढे म्हणाले, की पुढच्या बातमीची टेप तयार नव्हती म्हणून वेळ काढत होतो. असो! वाटाघाटीत एकच प्रश्न बारा वेळा विचारणे हा आमचा रोजचा उद्योग आहे. दुसरी गोष्ट मात्र जास्त मोलाची. मे १९८३ मध्ये 'नेशनवाइड' कार्यक्रमात डायना गूल्ड या शिक्षिकेने पंतप्रधान थॅचरबाईंना विचारले, की 'जनरल बेल्ग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका फॉकलंड बेटांपासून दूर चाललेली असताना तुम्ही का बुडवली? त्या नौकेवरील ३२३ माणसे गेली होती. पंतप्रधान म्हणाल्या, ती दूर चाललेली नव्हती. बाईंनी नकाशातील दिशा सांगून तो मुद्दा सोडलाच नाही. व्यावसायिक मुलाखतकाराला पुढच्या आठवड्यात पुन्हा मंत्र्यांची गरज असते, या शिक्षिकेला नव्हती.

उठून जाणारेही आपली नोंद ठेवून जातात. १९८२ साली रॉबिन डे यांनी ब्रिटनचे संरक्षणमंत्री जॉन नॉट यांना 'आज आहे आणि उद्या नाही असा राजकारणी' म्हणून डिवचले, तेव्हा नॉट माइक काढून निघून गेले. त्यांनी वीस वर्षांनी आत्मचरित्राला तेच शब्द नाव म्हणून दिले, एवढा दिलदारपणा मात्र त्यांच्यात होता. आपल्याकडे ऑक्टोबर २००७ मध्ये करण थापर यांच्या मुलाखतीतून गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी तीनेक मिनिटांत उठले. तेही चित्रण लोक आजवर पाहतात.

आपल्याकडचा इतिहास थोडा आहे, कारण संधीच उशिरा आली. दिल्लीत चित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ती सरकारची होती, आणि सरकार स्वतःला अडचणीचे प्रश्न विचारीत नाही. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, पंतप्रधान इंदिरा गांधी 'मीट द प्रेस'मध्ये अमेरिकन पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे देत होत्या, आणि त्याच वेळी येथील वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला होता. खाजगी वाहिन्या आल्यावर १९९३ साली रजत शर्मांचे 'आप की अदालत' सुरू झाले. त्यातील खोटे न्यायालय, खोटे आरोप आणि खऱ्या टाळ्या मला फारशा रुचत नाहीत. पण तीस वर्षांहून अधिक काळ राजकारणी त्या पिंजऱ्यात येऊन बसत आहेत, आणि त्यांची तेव्हाची व आताची वाक्ये ताडून पाहण्याची सोय त्यामुळे झाली आहे, हे मान्य केले पाहिजे.

ध्वनी जपला तर काय होते, याचे आपल्या घरचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९५५ साली त्यांनी बी.बी.सी.ला गांधीजींविषयी जे परखडपणे सांगितले, ते आज वस्तीवस्तीतील मुले मोबाइलवर त्यांच्याच आवाजात ऐकतात. बाबासाहेब त्यानंतर दीड-दोन वर्षांतच गेले.

दहा सेंटांच्या त्या पुस्तिकांबद्दल मला पुढे कळले, पण आमच्या युनियनने तसलाच एक उद्योग आधीच आरंभला होता. मोठा करार झाला की द्वारसभेतील प्रश्नोत्तरे छापायची आणि गेटावर दोन रुपयांना विकायची. गेल्या पावसाळ्यात एक तरुण मुलगा आमच्या कार्यालयात आला. हातात २००४ सालची पुस्तिका, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्याच्या वडिलांच्या ट्रंकेत ती सापडली होती. त्याने आठवे पान उघडून माझ्यापुढे ठेवले. एका कामगाराच्या प्रश्नावर मी उत्तर दिले होते, की या करारानंतर या गेटातून एकही कंत्राटी कामगार आत येणार नाही. खाली माझे नाव आणि तारीख. तो मुलगा त्याच गेटातून सहा वर्षे कंत्राटी कामगार म्हणून आत जातो आहे. 'काका,' तो म्हणाला, 'हे तुम्हीच बोलला होतात ना?' मी त्याला बसायला खुर्ची दिली, दोन चहा सांगितले आणि वही पुढे ओढली. लिहायला त्यालाच बसवले.